वारले म्हणा

डॉक्टरांनी मान हलवली की मामा आधी पंखा बंद करायचे. मग गेलेल्या माणसाच्या पापण्या दोन बोटांनी मिटायचे, डोक्याखाली आणखी एक उशी सारायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून नातेवाइकांना म्हणायचे, "आता घाई न्हाई. आता फकस्त चुकायचं न्हाई."

मामा हे त्यांचं नाव नव्हे. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. आजारी माणसाला एका दिवसात इतके नातेवाईक दुसरीकडं कुठं मिळत नाहीत. हे मामा कवठे महांकाळकडचे, सांगलीतल्या एका हॉस्पिटलात जन्मभर नोकरी केलेले. मी त्यांना अठरा दिवस जवळून पाहिलं, कारण माझे वडील अठरा दिवस त्यांच्या वॉर्डात होते. बाकावर बसून वाचायला मी एक जाडजूड चरित्र नेलं होतं. अठरा दिवसांत त्यातल्या थोर पुरुषाची मुंजही झाली नाही. माणसं मात्र पुष्कळ वाचून झाली.

तुम्हीही अशा बाकावर बसला असाल तर पाहिलं असेल. माणूस गेला की नातेवाइकांचे दोन गट पडतात, रडणारे आणि फोन करणारे. कागद कुणाकडंच नसतात. मामा तिसरा माणूस शोधायचे. दाराशी ज्याच्या चपला जोडीनं, सरळ काढलेल्या असतील तो. त्याच्या हातात रिपोर्टांची पिशवी द्यायची आणि सांगायचं, "रडायला बाकीचे हायत. तुमी कागदाचं बघा. तुमचं रडणं उद्या."

मग त्या माणसाला घेऊन ते फिरत. मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा कागद घेतला का? अंगावरचे दागिने दोन माणसांच्या देखत उतरवले का, सही केली का? कुपवाडला कामाला असलेला एक जण आईचं नाव 'अक्का' असं लिहून द्यायला निघाला होता.

"सगळी अक्काच म्हणत्यात की."

"सगळी म्हनू द्यात. बँक म्हनायची न्हाई. आधार काढा, त्यात हाय तसंच लिवा. आन दाखल्याच्या प्रती धा-बारा घ्या, दर टेबलाला एक लागती."

आणि शेवटचा प्रश्न ठरलेला. "खिसं बघितलं का?"

त्यालाही कारण होतं. गेलेल्याचे कपडे आणि अंथरूण गाठोडं बांधून नदीकाठी टाकायची आपल्याकडं रीत आहे. एका आजोबांच्या बंडीच्या आतल्या खिशात आधार कार्ड आणि पेन्शनचे कागद होते, ते गाठोड्याबरोबर गेले. त्यांची म्हातारी पुढं वर्षभर, आपला नवरा खरंच मेला आहे हे तीन कचेऱ्यांना पटवत हिंडली. तेव्हापासून मामांचा हात फिरल्याशिवाय गाठोडं वॉर्डाबाहेर पडत नसे.

असे हे दमानं घेणारे मामा एका शब्दावर मात्र चिडत. तो शब्द म्हणजे 'सिरीयस'.

आपल्याकडं माणूस इथं गेलेला असतो आणि घरी फोन जातो, "जरा सिरीयस आहे, निघा." हेतू चांगलाच असतो. प्रवासात धक्का नको, म्हाताऱ्या माणसांना सोसायचं नाही. मामा फोन करणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "वारले म्हणा."

एकदा चहाच्या गाड्यावर मी विचारलं, "मामा, घरी आल्यावर सांगितलं तर काय बिघडलं?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "माझा बा मिरजंच्या दवाखान्यात व्हता. मी गावाकडं. निरोप आला, सिरीयस हाय, ये. म्या ष्टँडवर उतरलो आन डाळिंबं घ्यायला थांबलो. एकेक हातात घिऊन, वाजवून बघत व्हतो. गोड असाय पायजे, बा आजारी हाय. चांगला अर्धा तास घालवला." चहा पिऊन त्यांनी बशी पुसली. "बा आदल्या सांजंलाच गेला व्हता. चुलता, भाऊ, कंपाउंडर, सगळ्यांस्नी ठावं. आन मी डाळिंबं निवडीत उभा. ती पिशवी कुनाला द्यायची, सांगा की सर."

अठराव्या दिवशी सकाळी सातला वडील, आमचे नाना, वारले. मामांनी पंखा बंद केला.

नाना जुने शिक्षक. नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी फार पूर्वीच भरला होता. म्हणायचे, "माझे डोळे जाळू नका. त्यांचं अजून बरंच वाचायचं राहिलंय." आईची त्यावर एकच अट होती, "आधी मला सांगायचं, मग डोळ्यांना हात लावायचा." ही अट नानांनी आम्हा दोघा भावांसमोर कबूल केली होती. आई होती खंडाळ्याकडं, गावी, वहिनीजवळ. तिथून सांगली म्हणजे अर्धा दिवस. आणि डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.

वाऱ्यानं डोळे सुकतात, म्हणून पंखा बंद हवा, तो होताच; मी हे सांगितल्यावर मामांनी नानांच्या मिटल्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, "मग आता घाई हाय."

एवढ्यात आमचे चुलतभाऊ आले. ते कुठल्याशा सोसायटीचे संचालक आहेत, आणि झोपेतसुद्धा संचालकच असावेत. कडक इस्त्री, मागं दोन माणसं. आल्या आल्या त्यांनी सूत्रं हाती घेतली. "काकींना काही कळवायचं नाही. सिरीयस आहे म्हणा. गाडी फुलांनी सजवून घेतो, दुपारी गावात पोचू, मग काय ते. आणि डोळ्यांचं राहू द्या. मोतीबिंदू झालेले डोळे कोण घेतंय?"

"घेत्यात," मामा म्हणाले. "आपरेशन झालेलं बी चालत्यात."

माझा थोरला भाऊ, दादा, म्हणाला, "आईला बीपी आहे रे. नकोच सांगायला."

मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी वहिनीला फोन लावला आणि म्हणालो, "आईला म्हणावं, जरा सिरीयस आहेत."

मामांनी ऐकलं. दहा मिनिटांनी माझ्या फोनवर संचालकांचा संदेश आला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यात नानांचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचा मोठा होता. गावाच्या ग्रुपवर तो केव्हाच पोचला होता.

मी फोन मामांना दाखवला. ते सरळ संचालकांसमोर जाऊन उभे राहिले. "आवं सायेब, अख्ख्या गावाला कळलं आन त्यांच्या मालकिणीला न्हाई? व्हय?"

"तुम्ही तुमचं काम करा."

"त्येच करतोय." आणि माझ्याकडं वळून, "सर, साडेआठ झालं. लावा फोन. शेजारी कोन हाय इचारा. आईस्नी बसवा, पाणी जवळ ठिवा. मग वारले म्हणा. आडवळणानं बोलू नगा."

मी लावला. फोन आईनंच घेतला.

"आई, बस. वहिनी जवळ आहे ना? आई, नाना वारले. सकाळी सातला."

मी घड्याळाकडं बघत राहिलो. मग आई म्हणाली, "पंखा बंद केलाय का?"

"केलाय."

"मग त्या डोळ्यांच्या लोकांना बोलाव. माझी वाट बघत बसू नका." पुढं ती म्हणाली, "सिरीयस आहेत म्हणाली ही. म्हणून मी त्यांचा स्वेटर पिशवीत भरत होते. तिथं गारठा असेल, म्हटलं." "असं परत करू नको, बाळा."

नेत्रपेढीची माणसं दहाच्या आत आली. दादानं सही केली. पडद्याआड त्यांचं काम अर्ध्या तासात उरकलं. नानांचा चेहरा होता तसाच होता. संचालकांची सजवलेली गाडी खाली उभीच होती. मामांनी गाठोडं चाचपलं, शर्टाच्या खिशातून नानांचा चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो आईस्नी द्या. आन आता घाई न्हाई. गाडी हळू चालवायला सांगा."

पुढं मामा निवृत्त झाले आणि गावी गेले. निरोप समारंभात त्यांच्या सेवाभावावर पाऊण तास भाषण चाललं होतं म्हणे. मधेच मामा उठून वॉर्डात गेले ते परत आलेच नाहीत. शाल दुसऱ्या दिवशी घरी पोचवली. सणावाराला आमचे फोन होत. दर वेळी ते आईची चौकशी करत.

गेल्या महिन्यात सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, मी मामांची मंडळी बोलतीया. आदी बसा. बसलाय का?"

मी बसलो.

"मामा वारले. पाटं पाच वाजता. डोळ्यांची मानसं येऊन गेली. खिसं मी बघितलं. तुमी दमानं या."

कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरलो तर समोरच फळांच्या गाड्यांवर डाळिंबं रचलेली. एक जण म्हणाला, "या साहेब, वाजवून घ्या, गोड हायत." मी त्याला नको म्हटलं आणि मामांच्या घराचा रस्ता विचारला.