सांगलीला न दिलेला फॉर्म

साताऱ्याच्या एमआयडीसीत मी पगारपत्रकं करतो. त्यामुळे कुणाच्या पोरानं काय शिकावं, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. जित्याची खोड, दुसरं काय!

थोरल्या बहिणीची पोरगी बारावी झाली. दाजी सैन्यात, तेव्हा तिच्या ॲडमिशनचं सगळं माझ्या गळ्यात. गाव कवठे महांकाळकडचं. तिथं बोअर मारायची तर आधी पाणाडी येतो, तळहातावर नारळ आडवा धरून रान फिरतो. नारळ उभा राहिला की तिथं मशीन लावायची. यांच्या रानात तीनदा नारळ उभा राहिला आणि तिन्ही वेळा नुसता फुफाटा निघाला. तेव्हापासून पोरगी हट्टाला पेटलेली.

"मामा, मला जिऑलॉजी करायचंय. जमिनीखालचं पाणी नारळाला काय कळतंय?"

"अगं, दगडं बघून पोट भरतंय व्हय? पगार किती मिळंल ते बोल!"

"कमी मिळंल. पर मला त्येच आवडतंय."

मी कॉम्प्युटरवाल्यांचे पगार तिला तोंडपाठ म्हणून दाखवले. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. शेवटी मी हात टेकल्याचं नाटक केलं आणि तिचा जिऑलॉजीचा फॉर्म घेऊन सांगलीच्या कॉलेजात गेलो. गेटापर्यंत गेलो खरा, पण फॉर्म दिलाच नाही. बॅगेत घालून तसाच साताऱ्याला आणला.

यादीच्या दिवशी फोन केला. "न्हाई लागलं गं नाव. यादी लय वर गेली."

ती म्हणाली, "असू द्या मामा. तुमाला उगं हेलपाटा पडला."

तेव्हाच लाजेनं मरायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं.

कॉम्प्युटर करून ती आता पुण्यात नोकरीला आहे. पगार माझ्या दुप्पट. बहीण चारचौघांत माझे गोडवे गाते, तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून उठतो. पोरगी मात्र रविवारी दुपारपासूनच सोमवारच्या धास्तीनं गप्प होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

परवा ती आमच्याकडे आली होती. माझी लेक यंदा बारावीला. तिनं विचारलं, "ताई, पगार बघायचा का आवड?"

"आवड बघ. फकस्त अभ्यास दाबून कर. मी थोडक्यात कमी पडले, न्हाईतर आज जिऑलॉजीत असते." मग ती माझ्याकडे वळली. "व्हय का न्हाई, मामा?"

मी म्हणालो, "व्हय."