लाल पट्टीतलं पाणी
परवा लातूरच्या दवाखान्यात भिंतीवर रंगीत उभ्या पट्ट्यांचा तक्ता बघितला आणि बायको आठवली. लातूर जिल्हा नवा झाला होता तवाची गोष्ट. पाऊस न्हवता, आणि मुरुडकडच्या आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं. कॉलेजातली एक पोरगी तिच्या अभ्यासासाठी घरोघर विचारून गेली, कशाला किती पाणी लागतं. मग एक दिवस तिनं चावडीपुढं तक्ता टांगला. धुळीचं वारं सुटलं होतं, कागद फडफडत होता. पिणं, रांधणं, जनावरं, अशा घरोघरच्या पट्ट्या होत्या, आणि हिशेब न लागलेल्या पाण्याची ‘इतर’ म्हणून लाल पट्टी आमच्या घराची सगळ्यात उंच. “इथं नासाडी दिसते,” पोरगी म्हणाली. सरपंच लगेच म्हणाले, “मग ह्यांच्या घागरी कमी करा.” बायको बाया बसल्या होत्या तिथनं उठली. “माय, आमचं घर रस्त्याला हाय. येईल त्याला तांब्याभर पाणी देते मी. दिलेलं कोण सांगत बसतंय? तू बी दोन तांबे पिलीस की! ती नासाडी व्हय?” बाया खदाखदा हसल्या. पोरगीबी हसली, ‘इतर’ खोडून तिनं ‘आल्यागेल्याचं पाणी’ लिहिलं, आणि सरपंचांनी आमच्या घागरी राहू दिल्या. बायको जाऊन दोन उन्हाळे झाले. आता कोणी घरी आलं तर मी बोलत बसतो, आणि माणूस उठून गेल्यावर ध्यानात येतं, पाणी विचारलंच न्हाई.