आखाजीचा मुराळी

धुळ्यात एका मिशनचं मुलींचं बालगृह आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलीला तिथं राहता येत नाही. मग तिचं शिक्षण, काम, लग्न आणि लग्नानंतर ती सुखात आहे ना हे बघणं माझ्याकडे. मुली मला भाऊ म्हणतात. खरं सांगायचं तर या कामात आपण हुशार आहोत असा माझा समज होता. घरात शिरलं की सुनेचा चेहरा बघायचा, सासूला भरपूर बोलू द्यायचं, की सगळं कळतं म्हणे. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थनेत 'मार्गी लागलेल्या लेकींसाठी' देवाचे आभार मानायचे, तेव्हा माझी मान आपोआप ताठ व्हायची.

चोपड्याजवळच्या गावात दिलेली मुलगी तर माझ्या खास अभिमानाची. नवरा केळीचे घड उतरवायच्या कामावर, दारूला शिवत नाही, दारात म्हैस. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. माझं त्या बाजूला दुसरं काम होतं, ते उरकून मी सहज डोकावलो.

ती दारातच उभी होती. चांगली साडी, चोपून वेणी, पायाशी भरलेली बॅग. मला पाहिलं आणि आत धावत जाऊन ओरडली, "आई, भाऊ उनात!"

सासूनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि लगेच धारेवर धरलं. "इतला उशीर व्हस का, भाऊ? दोन दिनपाईन पोर बॅग भरीसन बसेल शे. लेवाले कोनीच येत नही!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, पण आपली आपण जात नाही. माहेरचं कुणीतरी, बहुधा भाऊ, तिला न्यायला यावा लागतो. तो मुराळी. लग्नात आम्ही भांडी दिली, कपाट दिलं, बायबल दिलं. मुराळी पाठवायचं मात्र आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीला आणायला मी दरवर्षी न चुकता साक्रीला जातो, आणि तरीही नाही.

सासूचं चालूच होतं. "मांगला साले ती एकटीच गयी. म्हने, भाऊ स्टँडवर उभा शे. तीन दिन राहीसन उनी, तुम्हनी दिन्ही ती साडी लयनी. बठ्ठा गाव म्हने, बिनमायबापनी पोर लयनात. साडी देखी आन् बठ्ठासना तोंड बंद व्हई गयात! यंदा मी सांगं, स्टँडवरथून चालाव नही, भाऊ घर येवाले जोयजे."

मी तांब्या खाली ठेवला. मागच्या आखाजीला ती आमच्याकडे आलीच नव्हती. माझ्या घरी नाही, चर्चमध्ये नाही, कुठंच नाही. साडीही आम्ही दिलेली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. ती बॅगेचा बंद घट्ट धरून जमिनीकडे बघत होती. माझ्या तोंडून एक शब्द वेडावाकडा गेला असता तर त्या घरातली तिची पत तिथल्या तिथं संपली असती.

"हो अक्का," मी म्हणालो, "यंदा जरा उशीरच झाला माझा."

मिशनचा पगार खाणारा मी धडधडीत खोटं बोललो, आणि वर चहाही प्यालो.

तिची बॅग उचलून मी तिला धुळ्याच्या बसमध्ये बसवलं. माझ्या मनात नको नको ते येत होतं. तरुण पोर, घराबाहेर तीन दिवस, कुणाबरोबर होती? साडी कुणी घेतली? त्या विचारांची लाज वाटत होती आणि ते थांबतही नव्हते. अमळनेरला बस रिकामी झाली तेव्हा मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "मागच्या वर्षी कुठं होतीस तू?"

"दवाखान्यात."

"का? काय झालं होतं?"

"मला काही नाही झालं, भाऊ. धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांसाठी शेड आहे ना, तिथं राहिले. तिथं बाई बॅग घेऊन बसली तरी कुणी काही विचारत नाही. वाटतं, हिचं कुणीतरी आत असेल. दुपारी खिचडीपण वाटतात." माझा चेहरा बघून ती मलाच समजावू लागली. "आधी बालगृहातच आले होते. गेटवरच्या मावशी म्हणाल्या, मोठ्या मुलींना रात्री ठेवता येत नाही. नियमच आहे, त्या तरी काय करणार? तुम्हाला फोन करायची लाज वाटली. साडी मी शिवणाच्या पैशातून घेतली."

या पोरीला आम्ही लहानाचं मोठं केलं. रोज रात्री झोपायच्या आधी 'देव माझा पिता आहे' असं तिच्याकडून म्हणवून घेतलं. आणि आखाजीला तिला जागा मिळाली ती परक्या आजारी माणसांच्या दारात! राग कुणावर काढावा तेही कळेना. नियम तर बरोबरच होता, तोच आणखी झोंबत होता.

"आज माझ्या घरी यायचं," मी म्हणालो. "तुझी वहिनी खापरावरच्या पोळ्या करतेय, माझी बहीणही आलीय. हवे तेवढे दिवस राहा."

मला वाटलं, तिचा चेहरा खुलेल. ती पदराचं टोक पिळत बसली.

"येते, भाऊ. पण आधी दवाखान्याकडून जाऊ या?"

"आता कशाला तिकडे?"

"त्या दोघी माझी वाट बघत असतील."

कोण दोघी, ते तिनं सांगितलं. दोघीही आमच्याच बालगृहातल्या. दोघींचीही लग्नं मी जमवलेली, दोघींच्याही घरी चहा पिऊन 'सुखात आहे' असं मी ऑफिसात येऊन सांगितलेलं. मागच्या वर्षी त्या शेडमध्ये तिघींची अचानक गाठ पडली होती. यंदा ठरवून यायचं होतं.

धुळ्याला उतरल्यावर आम्ही रिक्षा केली. शेडमध्ये भरपूर गर्दी होती. त्या दोघी कोपऱ्यात सतरंजी टाकून बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, दुसरी डब्यातली शेव काढून तिला देत होती, आणि दोघी कशावर तरी मनापासून हसत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हसणं थांबलं. बालगृहात पाहुणे आले की उभ्या राहायच्या तशा दोघी चटकन उभ्या राहिल्या, बाळासकट. मी तोंड उघडायच्या आत बाळवाली घाईघाईनं म्हणाली, "आमचा पेशंट आहे आत, भाऊ."