एका हाताचा चक

दादाचा डावा हात मनगटाच्या वर कापावा लागला. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं ते हत्यारांच्या पिशवीबद्दल.

"पिशवी कुठाय रे?"

"घरी आहे," मी म्हणालो. खरं तर ती मला दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पानवाल्याच्या फळीखाली सापडली होती. करवतीचं पातं वाकलं होतं. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती ते दिवस. माझा थोरला भाऊ सुतार, मी लालबागच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात टर्नर, लेथवर लोखंड कातणारा. आम्ही दोघं आणि माझी वहिनी एकाच खोलीत राहायचो. दादा मोर्च्यात नव्हता. हे मी पुढे अनेकांना सांगितलं, पण कुणाला ते ऐकायचं नसायचं. तो गिरगावातलं काम आटपून, ट्राम बंद म्हणून चालत घरी येत होता. गल्लीच्या कोपऱ्यावर माणसं पळताना दिसली, म्हणून भिंतीवर डावा हात टेकून तो वाकून पाहू लागला. पोलिसांची गोळी मनगटातून आरपार गेली. डॉक्टरांनी पंजा वाचवायचा प्रयत्न केला, पण जखम सडली.

दादा घरी आल्यावर चळवळीतली माणसं हार घेऊन आली. चाळीच्या चौकात त्याला खुर्चीवर बसवलं, घोषणा दिल्या. दादा मान खाली घालून बसून राहिला. वर आल्यावर त्याने हार काढला आणि वहिनीला म्हणाला, "फुलं चांगली आहेत. देवाला वाहा." हारवाले पुन्हा काही आले नाहीत. त्यांचाही दोष नव्हता. तेव्हा रोजच कुठे ना कुठे कुणी तरी जायबंदी होत होतं.

ज्या कंत्राटदाराकडे दादा काम करायचा तो माणूस वाईट नव्हता. घरी येऊन गेला, कपभर चहा प्यायला आणि शेवटी खाली बघत म्हणाला, "मिस्त्री, कपाटाच्या कामाला दोन हात लागतात." दादा म्हणाला, "ते मला ठाऊक आहे, शेठ."

मग दादा परळ-दादरच्या चाळींतून किरकोळ दुरुस्त्या करू लागला. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, फळ्या. करवत त्याला चालवता येत होती, लाकडावर गुडघा दाबून. रंधा जेमतेम जमायचा. अडायचं ते ड्रिलपाशी. त्याचं ड्रिल छातीचं होतं. वरची पाटी छातीला लावून दाबायचं, बाजूचं हँडल उजव्या हाताने फिरवायचं आणि डाव्याने दांडा धरायचा. दांडा तो कापलेल्या हाताच्या कोपरात अडकवून धरायला शिकला. पण बिट, म्हणजे भोक पाडणारं पातं, बदलायचं तर चकची, म्हणजे ते पकडणाऱ्या तोंडाची, टोपी एका मुठीत घट्ट धरून दुसऱ्या हाताने हँडल फिरवावं लागतं, तेव्हा कुठे आतले जबडे बिटाला आवळतात. टोपी धरायला त्याच्याकडे मूठच नव्हती. त्याने ती मांड्यांत दाबून पाहिली. एकदा बिट निसटून मांडीत घुसलं.

तेव्हापासून वहिनी त्याच्याबरोबर कामाला जाऊ लागली. पदर कमरेला खोचून ती टोपी धरायची, दादा हँडल फिरवायचा. भोक झालं की पुन्हा टोपी धरायची. दिवसभर हेच. दादरच्या एका घरात मालक हसत म्हणाला, "काय मिस्त्री, आज सहकुटुंब?" दादाही हसला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. वहिनीने ताट झाकून ठेवलं आणि नळावर गेली, तेव्हा तो मला म्हणाला,

"तू लेथवर असतोस ना? मला एका हाताने आवळेल असा चक करून दे. हिला यायला नको."

"तिला त्रास होतो म्हणाली का?"

"ती कशाला म्हणेल! मला होतो."

मी शिकलेला इंजिनिअर नव्हतो. कुणीतरी आखून दिलेलं कातायचं, एवढंच मला येत होतं. पण मी फोरमनला विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत लेथ वापर. लोखंड भंगारातलं घे, नवीन बारला हात लावलास तर मला वर सांगावं लागेल." एवढी मुभा खूप होती.

पहिला चक मी स्प्रिंगवर केला. टोपी मागे ओढायची, बिट आत सारायचं, टोपी सोडायची. स्प्रिंग टोपीला पुढे ढकलणार आणि टोपीच्या आतल्या उताराने जबडे मिटणार. एका हाताचं काम. खात्यात सगळ्यांनी खेचून-सोडून पाहिलं आणि पाठ थोपटली. घरी दादाने सागवानाच्या फळीवर तो लावला. बिट अर्धा इंचही आत गेलं नसेल, तेवढ्यात ते लाकडात अडकून उभं राहिलं आणि चक त्याच्याभोवती नुसता फिरू लागला. दादाने दोन-तीन वेळा फिरवून पाहिलं. मग ड्रिल अलगद खाली ठेवलं.

"स्प्रिंग कमी पडते," मी म्हणालो.

"मग जोराची घाल."

"जोराची घातली तर एका हाताने ओढता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा त्याच्यामागून निघाली.

किती दिवस मी त्या एकाच गोष्टीचा विचार करत होतो कुणास ठाऊक. सैल धरलं तर बिट निसटतं, घट्ट धरायचं तर दुसरा हात लागतो. मला असं काही हवं होतं, जे आधी नुसतं अलगद धरेल आणि लाकूड जसजसं अडवेल तसतसं आपणच आवळत जाईल. आमच्या चाळीखाली एक सायकलवाला होता. एकदा त्याच्याकडे मागचं चाक उघडं पडलं होतं. पुढे फिरवलं की फ्रीव्हील धरतं, मागे फिरवलं की सोडतं, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्या दिवशी मी तिथेच उकिडवा बसलो आणि ते पुढे-मागे फिरवत राहिलो. सायकलवाला म्हणाला, "अरे, गिऱ्हाईक उभं आहे."

दुसरा चक तसा झाला. टोपीच्या आत तीन तिरप्या खोबणी आणि प्रत्येकीत पोलादाचा एक छोटा रूळ, भंगारातल्या बेअरिंगचा. पातळ स्प्रिंगा रुळांना बिटापाशी टेकवून ठेवणार, एवढ्यासाठीच की बिट पडू नये. हँडल फिरवलं की रूळ खोबणीच्या अरुंद बाजूला सरकणार आणि बिटाला दाबणार. लाकूड जितकं कठीण, तितकी पकड घट्ट. उलट अर्धा फेरा दिला की सुटलं. खोबणी कानशीने घासायलाच अनेक सुट्ट्या गेल्या. टोपीला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम बुडवून कडक करताना, पहिली तडकली. दुसरी मऊ राहिली आणि तिच्यात रुळांचे खड्डे पडले. तिसरी बरी निघाली.

घरी आणून ड्रिलवर बसवली तेव्हा दादा बाहेर गेला होता. वहिनीने ड्रिल हातात घेतलं. मग तिने डावा हात पदरात गुंडाळला, ड्रिल गुडघ्यांत उलटं धरून उजव्या हाताने बिट आत सोडलं, आणि ते सुलटं करून फळीवर छातीने दाबत हँडल फिरवलं. बिटाने फळीत शिरताना जराही कुरकुर केली नाही. तिचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे पाहिलं. मग बिट बाहेर काढायला तिने सवयीने हँडल मागे फिरवलं. चक सुटला, बिट भोकात राहिलं.

"भावोजी, हे बघा. मागे फिरवलं की सोडतो."

तेवढी मेख त्यात होतीच, आणि ती काढणं माझ्याच्याने झालं नाही. पण दादाने त्यावर आपली तोड काढली. बिट बाहेर ओढतानाही तो हँडल पुढेच फिरवायचा. आठवडाभरात हाताला सवय झाली.

त्यानंतर तो एकटा कामाला जाऊ लागला. त्याची मान पुन्हा सरळ झाली. वाटेत भेटेल त्या सुताराला तो चक काढून दाखवायचा. "माझ्या भावानं केलाय." कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही दोघं एका हत्यारांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने चक नीट पाहिला, फिरवला, मनापासून वाहवा केली. मग म्हणाला, "एका हाताची माणसं किती, आणि त्यांतली सुतारकाम करणारी किती?" दादा म्हणाला, "एक तर मी आहे." व्यापारी हसला नाही. चक त्याने आपल्या रुमालाने पुसून परत दिला.

दादा पडला तो दादरच्या एका घरात. दरवाजाच्या वरच्या बाजूला फळी बसवायची होती. टेबलावर स्टूल ठेवून तो चढला, छातीने ड्रिल भिंतीत दाबत होता आणि स्टुलाचा पाय सरकला. घरमालकाने आम्हाला सांगितलं, "चौकट हाताशीच होती हो. पण त्यांनी ड्रिल सोडलं नाही." सोडून चौकट धरायला लागणारा हात त्या ड्रिलवरच होता. तो पाठीवर आपटला. कमरेखालचं सगळं गेलं.

त्याला घरी आणल्यावर काही दिवसांनी, वहिनी त्याची पाठ पुसत असताना मला म्हणाली, "मी असते तर स्टूल धरलं असतं." आवाजात ना राग होता, ना रडू. पाऊस थांबला म्हणावं तशी ती म्हणाली. दादा जागा होता. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पुन्हा तिने ते कधी काढलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सकाळपासून चाळीला तोरणं लागली होती. खाली लेझीम चालू होतं. दादाने खाट दाराशी ओढायला सांगितली. मी आणि वहिनीने ती ओढली. पेढे वाटत मंडळी मजल्यावरून फिरत होती. त्यांतला एक तरुण, गुलालाने माखलेला, आमच्या दाराशी थांबला आणि वाकून म्हणाला, "आजोबा, तोंड गोड करा." दादाने चाळिशीही गाठली नव्हती. केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते. कापलेला हात चादरीखाली होता. त्याने उजव्या हाताने पेढा घेतला, सगळा खाल्ला आणि म्हणाला, "गोड आहे." तो पोरगा पुढच्या दाराशी गेला. मला त्याच्या मागे धावून सांगावंसं वाटलं, हा माणूस कोण आहे ते. वहिनीने माझ्या दंडाला धरलं. "ऱ्हवांदे," ती आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली. "सणाचो दिस आसा."

पाठीच्या जखमा चिघळत गेल्या. दिवाळीआधी तो गेला.

वहिनीचा भाऊ तिला न्यायला कोकणातून आला. तीन दिवस राहिला, दादाचे कपडे बांधून ठेवले, बोटीची चौकशी केली. वहिनी म्हणाली, "मी येणार नाही." तो चिडून परत गेला. मी तेव्हा अविवाहित. एका खोलीत दीर-भावजय म्हणून चाळीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी खात्यातल्या एका मित्राकडे शिवडीला राहायला गेलो. रविवारी यायचो.

अशाच एका रविवारी तिने ड्रिल माझ्यापुढे ठेवलं.

"भावोजी, ह्याचा जुना चक लावून द्या."

"हा बिघडलाय का?"

"नाय. ह्यो चक तुमच्या दादाचो. माका दोन हात आसत."

मी जुना चक लावून दिला. तिने दुपारची कामं धरायला सुरुवात केली. दुपारी पुरुष गिरणीत असायचे आणि एकट्या बायका परक्या सुताराला घरात घ्यायला कचरायच्या. वहिनीला घ्यायच्या. आधी आमच्याच चाळीत, मग शेजारच्या. दादाबरोबर हिंडताना ती नुसती टोपी धरत नव्हती, बिजागरी कुठे बसते, भोक किती खोल हवं, हे सगळं पाहत होती. काहींनी नावं ठेवली. विधवेने पटाशी-हातोडी घेऊन दारोदार फिरावं, हे त्यांना रुचत नव्हतं. एका म्हाताऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "नवऱ्याचं नाव घालवतेस." तिने त्याच्या सुनेच्या मोरीची कडी बसवून झाल्यावर विचारलं, "आजोबा, लावून बघा, नीट लागते का?" त्याने लावून पाहिली. लागली.

तिची हत्यारं नीटनेटकी असायची, काम साधं असायचं. कपाट तिने कधी केलं नाही. पुढे माझं लग्न झालं, आम्ही अँटॉप हिलकडे खोली घेतली. तिला आमच्याकडे यायला कितीदा सांगितलं. ती सणाला यायची, जेवायची आणि उजेड असतानाच परत निघायची. गुडघे दुखायला लागेपर्यंत ती काम करत राहिली. शेवटची काही वर्षं ती खोलीच्या दारात बसलेली असायची. कुणी बिजागरी घेऊन आलं तर कुठे आणि कशी बसवायची ते सांगायची, आणि त्यांना जमलं नाही तर चिडायची.