अठ्ठेचाळीस बिनलेबलचे डबे

"काय चाललंय सध्या?" असं आम्हा तिघांना कुणी विचारलं की आमची पंचाईत होते. एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो! तिघं म्हणजे मी, सारिका आणि सिनू. सारिका जेऊरची, सिनू इथल्याच, सोलापुरातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा. कॉलेज संपलं तसं आम्ही तिघांचं मंडळ काढलं आणि ठरवलं, कचऱ्यावर भाषणं पुष्कळ झाली, आता काम. सोमवारपासून नाही. आजपासून!

ओळखीच्या एका केटरर काकांनी धंदा बंद केला. त्यांच्याकडे तीन-तीन किलोचे सीलबंद पत्र्याचे अठ्ठेचाळीस डबे उरले होते. रसगुल्ले, अननस, आंब्याचा रस, मका, मशरूम. आम्ही सगळे उचलले. आतलं खायचं, डबा घरात वापरायचा, प्लास्टिकला दारातूनच रामराम. ठेवायला शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची गच्चीवरची खोली.

आईने खोली दिली, पण अट घालून. "दिवाळीची आवराआवर काढीन त्या दिवशी बिनकामाचा एक जरी डबा दिसला, तर सगळे भंगारात. आणि तुमचं मंडळही बंद!"

आमच्याकडे दुसरी जागा नव्हती. आणि आईच्या निकालावर अपील नसतं.

*

पहिल्याच दिवशी घोळ घातला.

सारिका म्हणाली, "कागद वेगळा, पत्रा वेगळा. वर्गीकरण सुरुवातीलाच झालं पाहिजे." आम्हाला हे इतकं पटलं की दुपारभर बसून आम्ही सगळे डबे भिजवले, लेबलं सोडवली, दोरीवर वाळत घातली आणि गठ्ठा बांधून कागदवाल्याला देऊनही आलो. हात झटकले. मग सिनूने हळूच विचारलं, "आता यातला आंबा कुठला?"

अठ्ठेचाळीस डबे. भरलेले. सगळे एकसारखे!

झाकणावर तारीख तेवढी होती. म्हणजे कधीपर्यंत खायचं ते कळत होतं, काय खायचं ते नाही!

*

सिनू मात्र घाबरला नाही. त्यांच्या घरात पॉवरलूम. "आमचे नाना नुसत्या आवाजावरून सांगतात कुठल्या मागाचा धागा तुटला. डबा काय चीज आहे!" असं म्हणून त्याने एक डबा कानाशी धरला, दोनदा हलवला, डोळे मिटले. "रसगुल्ला. शंभर टक्के."

नेमक्या त्या दिवशी आमच्या आत्याच्या सासूबाई आल्या होत्या. आईने काचेच्या वाट्या काढल्या, चमचे मांडले, सगळ्यांसमोर झाकण कापलं.

मशरूम!

सासूबाईंनी चष्मा वर केला आणि डब्यात वाकून पाहिलं. "रसगुल्ले असे काळवंडले कसे गं?"

सिनू लगेच म्हणाला, "आजी, शुगर फ्री आहेत."

*

उघडलेला डबा त्याच दिवशी संपवायचा, पत्र्यात ठेवायचं नाही, हा आईचा दुसरा नियम. तीन किलो मका एका दिवसात! सकाळी मक्याचे पोहे, दुपारी मक्याची उसळ, संध्याकाळी मक्याची भजी. बाबांनी तिन्ही वेळा मका खाल्ला. ताटावरून उठताना फक्त एवढंच विचारलं, "उद्याचा डबा हलवून बघितलाय का कुणी?"

*

मी एकदा सारिकाच्या गावी गेले. तिच्या आईला रिकाम्या डब्यांच्या पुनर्वापराचं महत्त्व पटवून द्यायचं होतं. चार मुद्दे पाठ करून गेले होते.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला घर दाखवायला नेलं. एका डब्यात पेंड. एका आडव्या डब्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. उभा कापलेला डबा शेळ्यांच्या पाण्याला. ठोकून सपाट केलेला डबा दाराच्या भोकावर. चुलीजवळ मिठाचा, परसात तुळशीचा. मी मोजणं सोडून दिलं.

मावशी म्हणाल्या, "ह्ये पर्यावरण हाय व्हय? आमी तर गरिबी म्हणून करत हुतो की!"

माझे चारही मुद्दे मी तसेच परत आणले.

*

मे महिन्यात आम्ही गच्चीवर बाग केली. डब्यांना खालून भोकं, गंज नको म्हणून बाहेरून रंग. रंग घरात होता तो काळा, म्हणून काळा. सोलापूरचं ऊन, पत्र्याचा डबा आणि वर काळा रंग! इंजिनियर सिनू, बी.एस्सी. सारिका आणि मी, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याचं पान हातात घेतलं तर त्याचा चुरा झाला. आई कुंडीजवळ वाकली, वास घेतला आणि म्हणाली, "छान भाजलाय. आता फक्त शेंगदाणे टाका."

*

खरी गंमत पाण्याने केली. आमच्याकडे नळ चार दिवसांनी. एकदा सहा दिवस आला नाही, आणि आला तेव्हा गल्लीत जो तो भांडं शोधायला लागला. आम्ही अभिमानाने वीस रिकामे डबे वाटले. डबा कामाला लागला!

पण आपल्याकडे कुणी रिकामा डबा परत देतं का? शेजारच्या काकू शेंगाचटणी घालून घेऊन आल्या. "रिकामा कसा देऊ बाई? बरं दिसतं का?" पाठोपाठ कुरडया आल्या, लिंबाचं लोणचं आलं, सिनूच्या नानम्माकडून, म्हणजे आजीकडून, चिंचेचा भात आला. आता ते डबे आम्ही तरी रिकामे कसे पाठवायचे? आईने लाडू भरून पाठवले. ते डबे पुन्हा भरून आले!

दोन महिने ते वीस डबे गल्लीत फिरत होते. सारिका म्हणाली, "कचरा कमी झाला का माहीत नाही. माझं वजन चार किलो वाढलंय."

*

दिवाळीच्या आवराआवरीचा दिवस उजाडला. आईने आदल्या दिवशीच भंगारवाल्या रफिकभाईंना सांगून ठेवलं होतं. ते गच्चीवर पोतं घेऊन उभे. आम्ही तिघं भिंतीला टेकून.

आई वही-पेन न घेता तपासत निघाली. याच्यात लाह्या. याच्यात खिळे. हा सिनूच्या घरी, सुताच्या कांड्या ठेवायला. हे वीस गल्लीत. सत्तेचाळीस डबे झाले. मग तिने दाराचं एक फळकूट ओढलं आणि मागून अठ्ठेचाळिसावा काढला.

तो सिनूचा आकाशकंदील. म्हणजे व्हायचा होता. नक्षी पाडता पाडता त्याला इतका जोर चढला की बाजूंना, बुडाला, सगळीकडे भोकंच भोकं. आत पणती ठेवली की वाऱ्याने विझायची. त्यात पाणी राहत नव्हतं, माती राहत नव्हती, तांदूळसुद्धा नाही.

"हा कशाला?" आईने विचारलं.

"पेनं ठेवायला," सिनू म्हणाला.

"पेनं कुठायत?"

सारिका म्हणाली, "काकू, हवा खेळती राहते ना, कांदे..."

"किती कांदे? दोन?"

आठ महिने, ही खोली, आम्ही तिघं, आणि सगळं एका चाळणीपायी!

रफिकभाईंनी पोत्याचं तोंड उघडलं. "भाभी, एक लेना के पूरे?"

आईने डबा हातात फिरवला. पदराने पुसला. मग तो उंबऱ्याशी पालथा घातला, वर नीट बसली आणि लसणाचं ताट पुढे ओढलं. तिच्या मागे तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"रफिकभाई," ती लसूण सोलत म्हणाली, "वर बसायला काही नव्हतंच बघा."