शिल्पमंडित म्हंजी काय रं?

‘शिल्पमंडित’ हा शब्द आमच्या घरात बिल्डरच्या माणसाच्या तोंडून आला. तोवर आमच्याकडं मंडित असं काही नव्हतं.

चाकणजवळच्या शेतात, विहिरीपाशी, आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, अर्धपुतळा होता. ते गेल्यावर थोरल्या दादानं हौसेनं करवून घेतलेला. पुतळेवाल्यानं मिशा अशा काढलेल्या की एकेका टोकाला बादली अडकवावी. शिफ्टला जाणारे कामगार दचकून सलाम ठोकत, असं मी गावभर सांगायचो. निम्मं खरं होतं.

जमीन द्यायची ठरली तेव्हा दादा एकाच गोष्टीवर अडला: आबा जागचे हलणार नाहीत. बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, “काका, अख्खा प्रोजेक्टच शिल्पमंडित आहे. काळजी कसली?”

दादाचा मला फोन. “शिल्पमंडित म्हंजी काय रं?”

“पुतळ्यांनी सजवलेलं. देवळाला म्हणतात, चौकाला म्हणतात. पण तू आबांचं लिहून घे.”

“लिवायचं काय? रंगीत कागदावर छापलंय की, शिल्पमंडित!”

त्यानं सही केली.

विहीर बुजली, गेट उभं राहिलं. गेटवर फायबरचे घोडे, घागरी कलंडवणाऱ्या बाया. एक घोडा तर एवढा उधळलेला की पोटाखालून बस जावी. आबा गोणपाटात गुंडाळून गेटबाहेर.

“ह्यो बी पुतळाच हाय की,” दादा म्हणाला.

“काका, ते थीममध्ये बसत नाहीत हो.”

अर्थ चुकला नव्हता. मंडित जागेला म्हणतात; जागा सजली म्हणजे झालं, पुतळे कुणाचे का असेनात. दादाला वाटलं, जागा आबांची, तर शब्दही आबांचाच.

दिघीच्या नव्या घरापर्यंत टेम्पोत दादा आबांना मांडीवर घेऊन बसला. आता ते त्याच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारी. वहिनी सासऱ्यांपुढून उघड्या डोक्यानं कधी गेली नाही, त्यामुळं हॉलमधून जाताना दर वेळी पदर. बिचारी हल्ली स्वयंपाकघरातच जेवते.

परवा गेलो. चेष्टा करायला गेलो, “काय वहिनी, हॉल शिल्पमंडित झाला राव!” कुणी हसलं नाही.

“त्यांना हितं कोंडल्यागत व्हतंय,” दादा म्हणाला. उठून त्यानं आबांचं तोंड खिडकीकडं केलं. समोर, हातभर अंतरावर, शेजारच्या इमारतीची भिंत. तो तिच्याकडं बघत राहिला. मग दोन्ही हातांनी आबांना पुन्हा आमच्याकडं फिरवलं.