जड तो भरलेला

हवेला वजन असतं, हे मी सहावीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. एक काठी, मध्ये दोरा, दोन टोकांना दोन फुगे. एक फुगा फोडला की दुसरी बाजू खाली जाते आणि वर्ग टाळ्या वाजवतो. मग मी त्यांना शहाण्यासारखं सांगतो की हे वजन फार थोडं असतं, हाताला कळत नाही. शहापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून मला मान आहे. त्या मानाची मला अलीकडे शिसारी येते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ आणि मी अंदमानला जाणार होतो, समुद्रात डायव्हिंग करायला. हे खूळ त्याचं. आम्ही विहिरीत पोहायला शिकलेली माणसं, पण मालवणला डायव्हिंगचा पहिला कोर्स केला आणि गडी वेडाच झाला. मग म्हणाला, "दादा, जायच्या आधी नायट्रॉक्सचं सर्टिफिकेट काढू. खाली जास्त टाइम राहता येतं." नायट्रॉक्स म्हणजे नेहमीच्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेली हवा. मी लगेच हो म्हणालो, पण मला काय मासे बघायचे नव्हते. त्याला आई गेली त्या दिवसाची एक गोष्ट सांगायची होती. चार वर्षं ती मी पोटात ठेवली होती. वाटलं, लांब जाऊ, दोघंच असू, तिथं सांगू. भित्रट कुठला! खरं बोलायला काय समुद्र लागतो?

अभ्यास आसनगावच्या घरीच झाला, मोबाइलवर. धाकटा कामावरून आला की जेवायच्या आधी आम्ही तासभर बसायचो. पहिल्याच प्रश्नाला मी तोंडावर पडलो. मला वाटलं, ऑक्सिजन जास्त म्हणजे आणखी खोल जाता येत असेल. उलटंच निघालं. ऑक्सिजन जितका जास्त, तितकं कमी खोल जायचं. मर्यादेच्या खाली गेलं तर तोच ऑक्सिजन बाधतो, माणसाला झटके येतात आणि तो बुडतो. "मास्तर नापास!" असं ओरडून धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं. बऱ्याच दिवसांनी तो इतका हसला होता.

प्रात्यक्षिक मुरबाड रोडवरच्या एका फार्महाऊसवर होतं. मुंबईच्या एक बाई तिथल्या पोहण्याच्या तलावावर रविवारी शिकवायला यायच्या. पाण्यात उतरायचं नव्हतंच. काठावर बसून आपापला सिलिंडर मोजायचा होता. एक छोटं यंत्र, त्याला नळी. झडप हळू उघडली की ऑक्सिजनचा आकडा दिसतो. तो टेपवर लिहायचा, किती मीटरपर्यंत जायचं ते लिहायचं, सही करायची आणि टेप सिलिंडरला चिकटवायची. बाई कडक. म्हणाल्या, "ज्याचा श्वास त्यानंच मोजायचा. भरणाऱ्यानं सांगितलं, जोडीदारानं सांगितलं, असलं काही चालणार नाही."

माझा आकडा बत्तीस टक्के आला. तेहतीस मीटर लिहून मी सही केली. तेवढ्यात धाकट्याला ऑफिसचा फोन आला. फोन कानाला तसाच धरून तो मला म्हणाला, "दादा, माझा पण तूच मोज ना रे. मी सही ठोकतो. तुझ्यावर नाय तर कोणावर भरोसा ठेवू?"

 मी यंत्र हातात तसंच धरून सिलिंडरवर डोकं टेकलं. त्यानं फोन बंद केला, धावत आला, "काय रे, चक्कर आली का?" म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला. तो हात मला सोसवेना. मी म्हणालो, "आई मामामुळं नाय गेली. माझ्यामुळं गेली."

आणि सांगितलं. कोरोनाची दुसरी लाट होती. आई मुरबाडच्या आतल्या आमच्या गावी होती, तिला श्वास घेता येत नव्हता. कल्याणला कसाबसा बेड मिळाला होता आणि तो जाऊ नये म्हणून धाकटा सकाळपासून हॉस्पिटलच्या दारात उभा होता. मामा, म्हणजे आईचा पाठचा भाऊ, मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. तो जीप घेऊन दारात आला. गावातल्या मंडळानं आणून ठेवलेले ऑक्सिजनचे दोन बाटले एका खोलीत होते. मंडळाच्या माणसानं भीतीनं लांबूनच किल्ली फेकली आणि म्हणाला, "एक भरलेला हाय, बघून ने."

मी बघितलं. कसं बघितलं? घरचा गॅसचा बाटला बघतो तसं. आमच्याकडे सगळेच तसं बघतात. आई बाटला तिरका करून हलवायची आणि सांगायची, अजून आठ दिवस जाईल, आणि बरोब्बर आठ दिवस जायचा. मी दोन्ही बाटले तिरके करून हलवले. एक हलका लागला, एक जड. जड तो भरलेला, म्हणून तो उचलला. अरे, गॅसच्या बाटल्यात पातळ गॅस असतो, त्याचं वजन हाताला कळतं. ऑक्सिजनच्या बाटल्यात नुसती दाबलेली हवा. जड होतं ते जुनं जाड लोखंड. आत किती उरलंय ते दाखवणारा काटा वर होता. विज्ञानाच्या मास्तरानं तो काटा बघितला नाही.

आत थोडा ऑक्सिजन उरला असावा, कारण नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे आले आणि मी निर्धास्त झालो. मामा जीप हाणत होता. रस्त्यात खड्डे, आई प्रत्येक धक्क्याला कण्हत होती. मीच म्हणालो, "मामा, हळू घे. बाटला भरलेला हाय, घाई नाय." मामानं जीप हळू घेतली. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे बुडबुडे थांबले आणि आई गेली.

हॉस्पिटलच्या दारात धाकट्यानं विचारलं, "इतका वेळ का लागला?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "मी हळू चालवली रे." मी मूग गिळून उभा राहिलो. पुढचं धाकट्याला माहीतच होतं, कारण ते त्यानंच केलं होतं. दहाव्याला मामा घाटावर आला तेव्हा चार माणसांत त्याला हाकलला. मामानं जीप चालवणं सोडलं, आमच्याकडे येणं सोडलं. गेल्या वर्षी मामा वारला. धाकटा खांदा द्यायलाही गेला नाही. मी गेलो होतो, खाली मान घालून.

धाकट्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "मामाला ठाऊक व्हतं?"

"व्हतं. काटा पयला त्यानंच बघितला. मला म्हणाला, धाकट्याला सांगू नको, दोघं भाव तुटाल."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं."

वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, माझ्या हातातलं यंत्र घेतलं, स्वतःचा सिलिंडर मोजला, सही केली. बाईंना काही कळलं नाही; त्या "शाब्बास" म्हणाल्या आणि दोघंही पास झालो. अंदमानचं राहिलंच. गेटबाहेर बाईकला किक मारताना त्यानं विचारलं, "मामीला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं.

"बस मागं."

मुरबाडच्या पुढं मामाचं घर. मामी पडवीत सुपात नाचणी पाखडत बसली होती. चार वर्षांनी धाकट्याला दारात बघून तिनं सूप तसंच टाकलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "आलास रे? वाळलास किती!" तो तिच्या पायाशी बसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मामी, दादाला कायतरी सांगायचंय."

मी सांगितलं. बाटला, काटा, हळू घे म्हणालो ते, सगळं. मला वाटत होतं, मामीला निदान एवढं समजेल की तिचा नवरा निर्दोष होता. एवढं तरी तिला देऊ. ती ऐकत राहिली. मग तिनं मला नाही, धाकट्याला विचारलं, "त्यांनी मला का नाय सांगितलं?"

मग ती सांडलेली नाचणी सुपात गोळा करायला लागली.

"मी रोज बोलायची रे त्यांना," मामी म्हणाली. "भाकरी वाढताना बोलायची. वन्सं तुमच्या हातानं गेल्या, म्हणायची. शेवटाला पाणी पाजलं तवापण बोलली. ते नुसतं हां म्हणायचे."